झाकणावरचं नाव

तू काय करतेस, असं आत्याला कुणी विचारलं तर ती म्हणते, "भोकं झाकते." कुणाची, असं विचारलं तर म्हणते, "परक्यांची."

माझी आत्या ओतकामाच्या कारखान्यात साचे भरते. रस्त्याखालच्या गटारांवर जी जाड, गोल, लोखंडी झाकणं असतात, ती तिच्या हाताखालच्या वाळूत आकार घेतात. मी लहान होते तेव्हापासून ही झाकणं आमच्या गावातून समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत शहराला जात आली. प्रत्येक झाकणाच्या कडेने त्या शहराचं नाव उठवलेलं असायचं. आत्याला ती लिपी वाचता येत नाही. पण त्यातल्या कुठल्या अक्षराचा कोपरा वाळूत पटकन तुटतो हे तिला झोपेतही सांगता येईल. त्या अक्षराला ती 'नाठाळ' म्हणते.

तिचं काम बघत बसावं असं आहे. वाळूत चिकणमाती आणि थोडं पाणी कालवायचं. मूठभर उचलून दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे राहिले आणि गोळा मधोमध सरळ मोडला, तर वाळू जमली. पाणी जास्त झालं तर लोखंडाचा रस उसळून अंगावर येतो, कमी झालं तर साचा ढासळतो. मग पेटीत नमुना ठेवून वरून वाळू धुमसाने ठोकायची, नमुना अलगद उचलायचा आणि तारेने बारीक भोकं पाडायची, म्हणजे रस ओतल्यावर आतली हवा बाहेर पडते. "साच्यालाही नाकपुड्या लागतात," आत्या म्हणते. "नाहीतर गुदमरून फुटतो. माणसासारखाच. फक्त फुटायच्या आधी कुरकुरत नाही."

या कामात ती एकटीच बाई. सुरुवातीला पुरुष म्हणाले होते, बाईच्या हातात धुमस शोभत नाही. आत्या म्हणाली, "शोभेला नाही आले, ठोकायला आलेय." हे वाक्य कारखान्यात अजून चालतं. कुणी नवीन माणूस फार नटून आला की त्याला ऐकवतात.

आमच्या गल्लीतल्या गटारांना मात्र झाकणं नव्हती. एका भोकावर फळी, एकावर फुटकी फरशी, एकावर कुठल्याशा दुकानाची गंजलेली पाटी. कोपऱ्यावरच्या भोकात तर फक्त एक बांबू रोवलेला, त्याला लाल चिंधी. गावात झाकणं होतात आणि गावाला झाकणं नाहीत, याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. नगरपालिका म्हणायची, तो माल बाहेरचा आहे, आपल्याला परवडत नाही. जसं काही झाकणं बाहेरून येत होती.

आणि मग पाऊस बिघडला. पूर्वी तो यायचा, राहायचा, जायचा. आता महिनोन् महिने फिरकत नाही आणि येतो तो भांडायला आल्यासारखा. उन्हाळेही असे झाले की भट्टीजवळची माणसं दुपारी चक्कर येऊन पडायला लागली, आणि रस ओतायचं काम पहाटेवर गेलं. मागच्या एका पुरात मालकांनी निरोप धाडला, सगळे या, लाकडी नमुने माडीवर चढवायचेत, भिजले तर धंदा बुडाला. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, तेव्हा त्याच कारखान्यात झाकणांच्या कडा घासायचे. ते गुडघाभर पाण्यातून निघाले. कोपऱ्यावरचा बांबू वाहून गेला होता. पाण्याखालचं भोक दिसलं नाही.

जीव वाचला, पाय गेला. खुब्यातून असा मोडला की काठी कायमची हातात आली. गल्लीला एवढं पुरलं. झाकणवालीचा नवरा गटारात पडला, ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. आतोबांनी ती स्वतःच सांगायला सुरुवात केली, म्हणजे दुसऱ्या कुणाला मजा उरू नये. "बायको जगाची भोकं झाकते," ते म्हणायचे. "मी म्हटलं, आपण निदान एक शोधून तरी द्यावं."

आत्या त्यावर हसायची नाही. त्या पुराबद्दल मालकांना ती एक शब्दही बोलली नव्हती.

मग ती बातमी आली. त्या श्रीमंत शहराने ठराव केला होता. यापुढे त्यांच्या रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक लोखंडी वस्तूमागे किती धूर निघाला ते मोजायचं, आणि ठरवलेल्या मापाच्या वर धूर असेल तर ती वस्तू घ्यायचीच नाही. मोजायला त्यांची एक बाई येणार होती. मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं की काळजीचं कारण नाही, सगळं मी बघतो, तुम्ही फक्त स्वच्छ कपडे घालून या. पाहुण्यांनी काही विचारलंच तर म्हणायचं, आम्ही विजेच्या भट्टीची वाट बघतोय.

वाट तर सगळेच बघत होते. विजेच्या भट्टीला धूर नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती भट्टी मिळायची त्याच पलीकडच्या देशात, आणि आमच्या गावातली वीज ही जावयासारखी. कधी येईल, किती वेळ टिकेल, कशावरून रुसेल, सांगता यायचं नाही. वितळलेलं लोखंड भट्टीत असताना वीज गेली की ते तिथेच गोठतं. मालकांनी हिशेब करून बघितला होता आणि गप्प बसले होते.

त्यांनी एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. पाहुणीला त्यांनी मुद्दाम अशा दिवशी बोलावलं होतं, जेव्हा भट्टी थंड असते. आमच्याकडे भट्टी रोज पेटत नाही. आधी साचे भरून जमिनीवर ओळीने मांडायचे, पुरेसे झाले की एक दिवस पेटवायची. साचे भरायच्या दिवशी पाहुणी आली असती, वाळू ठोकणारी माणसं बघून, चहा घेऊन गेली असती. तिच्या यंत्राला हुंगायला काही मिळालं नसतं.

माणसांनी यातलं काहीच ओळखलं नाही. त्यांना एवढंच कळलं की इतकी वर्षं ज्यांच्यासाठी झाकणं केली, त्यांच्याकडचं माणूस पहिल्यांदा येतंय. आणि आपली भट्टी थंड! भट्टी सांभाळणारा माणूस, ज्याला सगळे धुरंधर म्हणतात, तो आदल्या संध्याकाळी आत्याकडे आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "पाहुणे यायचे आणि चूल विझलेली. बरं दिसतं का?"

आत्या म्हणाली, "नाही दिसत. पेटव."

सकाळी मालक पाहुणीला गाडीतून घेऊन फाटकाशी आले, तेव्हा आमच्या धुराड्यातून काळ्या धुराचा असा लोट निघत होता की पलीकडच्या छपरावरची कबुतरं उठून गेली. कोळसा पावसात थोडा भिजला होता, त्यामुळे धूर नेहमीपेक्षा चांगला झाला होता. चांगला म्हणजे धुरंधरच्या मते. मालक गाडीतून उतरले, वर बघितलं आणि गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. धुरंधरने पुढे होऊन, हात जोडून सांगितलं, "खास तुमच्यासाठी."

पाहुणीबाई शांत होत्या. मालकांच्या वयाच्या, साध्या बुटातल्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. बरोबर एक दुभाषी. त्यांनी यंत्र काढलं, मोजायचं ते मोजलं. तोंडावर काही दाखवलं नाही. मग साच्यांच्या ओळीतून चालत आत्यापाशी आल्या आणि खाली उकिडव्या बसल्या. हे आत्याला आवडलं. वरून वाकून बोलणाऱ्या माणसांशी ती सहसा मान वर करून बोलत नाही.

बाईंनी विचारलं, किती वर्षं करताय हे काम. आत्याचं उत्तर दुभाष्याने सांगितलं, लग्नाच्याही आधीपासून. मग बाई म्हणाल्या की त्यांचे आजोबाही ओतकामाच्या कारखान्यात होते, त्यांच्याच शहरात. आजोबांच्या हातावरही असेच भाजल्याचे डाग होते. आता तिकडे तसले कारखाने राहिले नाहीत. सगळे बंद झाले. आजोबांच्या कारखान्याच्या जागेवर बाग आहे, तळं आहे, मुलं खेळतात.

आत्याने मुठीतली वाळू दाबली, उघडली, बघितली. "बंद नाही झाले," ती म्हणाली. "इकडे आले."

 दुभाष्याने ते तसंच सांगितलं असावं, कारण बाईंनी आत्याकडे नीट बघितलं.

"हे झाकण कुठं बसणार?" आत्याने विचारलं.

"आमच्या शहरात."

"मग याचा धूर कुणाच्या नावावर लिहिणार?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, जिथे निघाला, त्या देशाच्या नावावर. नियम तसा आहे.

"म्हणजे जेवणार तुम्ही," आत्या म्हणाली, "आणि खरकटं आमच्या नावावर."

मालक मागून खाकरले. दुभाष्याला हे वाक्य वळवायला वेळ लागला, हातवारेही करावे लागले. बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या जे बोलल्या तेही खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, हा धूर आधी तुमच्याच छातीत जातो. आणि बिघडलेला पाऊस आधी तुमची गल्ली बुडवतो, आमची बाग नाही. कुणीतरी कुठूनतरी सुरुवात करायला हवी ना?

"हवी," आत्या म्हणाली. "माझा नवरा त्या पाण्यात पडला. मला धुराची हौस नाही. बिनधुराची भट्टी द्या, न रुसणारी वीज द्या, मी उद्या शिकते. पण तुम्ही बंद करा म्हणायला येता. बदलून द्यायला कुणी येत नाही."

 बाई म्हणाल्या की ते त्यांच्या खात्याचं काम नाही. वेगळं खातं आहे, त्याचा वेगळा निधी आहे, त्यावर देशादेशांची बोलणी चालू आहेत. त्या स्वतः हे वरती कळवतील. उठताना त्यांनी आत्याचा हात हातात घेतला. त्यांच्या तळव्याला वाळू लागली, ती त्यांनी झटकली नाही. आत्या नंतर म्हणाली, बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

ऑर्डर गेली. मालकांनी भिंतीकडे बघत सांगितलं, आणि थंड भट्टीचा दिवस मुद्दाम निवडला होता, तेही. जो माल निघून गेला तो गेला, पुढचा नको. जमिनीवर मांडलेले, भरून तयार असलेले साचे तसेच होते. प्रत्येकाच्या पोटात त्या शहराचं नाव.

त्यानंतरच्या चार दिवसांत आत्याला जेवढं ऐकून घ्यावं लागलं तेवढं तिने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. धुरंधरला कुणी काही बोललं नाही, तो बिचारा रडत होता. आत्या रडत नव्हती, त्यामुळे बोलायला तीच सोयीची होती. नळावर बायका म्हणाल्या, जीभ आवरली असती तर घरं चालली असती. कारखान्यात एकाने ऐकवलं, पाहुण्यांना चूल दाखवायची हौस, आता स्वतःची पेटवून दाखवा. आतोबा संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "मी एकदाच गटारात पडलो. तू सगळं गाव घेऊन पडलीस. तुझं काम नेहमीच मोठं."

यावर मात्र ती हसली. मग म्हणाली, थंड भट्टी दाखवून घेतलेली ऑर्डर किती दिवस टिकली असती? कधीतरी ते गरम दिवशी आलेच असते. चोरून पेटवायची असेल तर मी भट्टीजवळ कशाला उभी राहू. आपण चोर आहोत का?

मालकांनी साचे मोडायला सांगितले. वाळू चाळून ठेवायची, पेट्या विकायच्या, भट्टी कायमची बंद करायची. माणसं फावडी घेऊन आली. आत्या आधीच आत होती. साच्यांच्या ओळीमधल्या अरुंद वाटेत ती एका पेटीवर बसली होती, पाय जमिनीला टेकवून, मांडीवर धुमस आडवा ठेवून.

"ऊठ," मालक म्हणाले.

"ओता आधी."

"कुणासाठी ओतू? घेणारं कोण आहे?"

"आमची गल्ली."

मालक म्हणाले, वेड लागलंय का. गल्ली देणार काय? आत्याने सांगितलं, गल्ली काही देणार नाही. अंगणात कोळसा पडलाय, मोडीचं लोखंड पडलंय, माणसं फुकट राबायला तयार आहेत. माणसांनी एकमेकांकडे बघितलं, कारण हे त्यांना आत्ताच कळत होतं. कुणी नाही म्हटलं नाही. मालकांनी आवाज चढवला. कारखाना माझा आहे, काय ओतायचं ते मी ठरवणार, इतकी वर्षं मी पोसलं त्याचे हे पांग फेडताय.

आत्याचा आवाज चढला नाही. "पुराच्या दिवशी तुमचा निरोप आला होता," ती म्हणाली. "नमुने भिजतील म्हणून. नमुने भिजले नाहीत. हेच ते नमुने, यांचेच हे साचे. माझ्या माणसाचा पाय तेवढा आणायचा राहिला. मी कधी मागितला नाही. आज मागते."

 एका फावड्याचं पातं जमिनीला लागून वाजलं. मालक वळले आणि अंगणात गेले. ते गेल्यावर धुरंधर उठला, त्याने नाक पुसलं आणि कोळशाची पहिली पाटी उचलली.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. रस उतरायला लागला तेव्हा मालक पुन्हा आत आले. हात मागे बांधून ओळीच्या टोकाशी उभे राहिले. "निदान नाव तरी पुसा," ते म्हणाले. "थापी फिरवली की अक्षरं बुजतात. दुसऱ्याचं नाव आपल्या गल्लीत कशाला?"

आत्या साच्यांच्या तोंडातून भुरभुरीत वाळू फुंकून काढत होती. तिने मान वर केली नाही. "धूर आमच्या नावावर लिहिला ना त्यांनी? मग झाकण त्यांच्या नावावर राहू दे. बरोबरी झाली."

दोन दोन माणसं दांड्यांना धरून रसाचं भांडं ओळीतून नेऊ लागली. साच्याच्या तोंडाशी भांडं कलतं, नारिंगी धार आत जाते, तारेच्या भोकांतून निळ्या ज्वाळांच्या बारीक जिभा बाहेर येतात. साचा श्वास सोडतो. ते बघताना नेहमी सगळे गप्प असतात. त्या दिवशी एकजण शेवटच्या साच्यापाशी म्हणाला, "नाठाळ नीट उठू दे." आणि सगळे हसले, मालकसुद्धा, अर्धं.

पलीकडच्या शहराची भोकं आमच्यापेक्षा मोठी आहेत, हे झाकणं गल्लीत आणल्यावर कळलं. एकही बसेना. गवंड्याने विटांचा कठडा रचून, सिमेंट थापून आमच्या भोकांची तोंडं त्यांच्या मापाची केली. तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच झाकणाला भोक करतोय. कोपऱ्यावरचं झाकण सगळ्यात शेवटी बसलं. आतोबा काठी टेकत आले, झाकणाच्या मधोमध उभे राहिले, काठीने दोनदा ठोकून बघितलं आणि म्हणाले, "परदेशात आल्यासारखं वाटतंय."

पुढचा पूर आला तेव्हा पाणी घराघरांत शिरलं. पण रस्त्यावर कुणी पडलं नाही.

कारखाना मेला नाही. पंपाचे भाग, वजनकाट्याची वजनं, शिलाई यंत्रांचे पाय, असं किरकोळ काम जवळपासच्या गावांतून येऊ लागलं. माणसं निम्मी उरली, भट्टी पूर्वीच्या निम्म्यानेही पेटत नाही. मालक हल्ली आमदारापासून वीजमंडळापर्यंत सगळीकडे खेटे घालतात, आणि जाताना आत्याला बरोबर नेतात. मला बोलता येत नाही, हिला येतं, असं म्हणतात. तक्रार म्हणूनच म्हणतात.

तो दुभाषी एकदा दुसऱ्या कामाने गावात आला होता. आमच्या गल्लीतून जाताना खाली बघून थबकला, आणि फोटो काढून घेतला. गंमत म्हणून कुणाला तरी पाठवला असेल. काही आठवड्यांनी मालकांना त्या शहराकडून निरोप आला. त्यांच्या नावाची झाकणं त्यांच्या हद्दीबाहेर वापरता येणार नाहीत, ती काढावीत किंवा नाव छिन्नीने तोडावं, आणि तसं कळवावं.

मालक स्वतः आले. बरोबर पहार घेतलेली दोन माणसं होती, पण ती माणसं गल्लीच्या तोंडाशीच कुणाशी तरी बोलत थांबली. रविवार होता. आत्या कोपऱ्यावरच्या झाकणावर पाट टाकून डाळ निवडत बसली होती. मालकांनी निरोप सांगितला. आत्याने सूप पाखडलं, एक खडा काढून बाजूला टाकला.

"या म्हणावं," ती म्हणाली. "स्वतः उचलून न्या. आणि जाताना धूरही घेऊन जा."

 मालक ओट्यावर आतोबांच्या शेजारी बसले. आतोबांनी त्यांच्यासाठी काठी बाजूला सरकवली. पहारवाली माणसं केव्हा निघून गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

डाळ निवडून झाल्यावर आत्या उठली, पाट उचलला, घरातून तारेचा ब्रश आणला. अक्षरांच्या खाचांत पुराचा गाळ सुकून बसला होता. ती उकिडवी बसून एकेक अक्षर घासायला लागली. नाठाळपाशी जरा जास्त वेळ लागला. तिथला कोपरा नीट मोकळा झाला, तेव्हा तिने फुंकर मारली आणि थोडं मागे सरकून बघितलं, रस्त्यावरून येणाऱ्याला नाव लांबून वाचता येतंय का.